तिसरा पाय

प्रज्ञाशीलनं पेडल आणलं ते गमछ्यात गुंडाळून,
जखमी खार आणावी तसं.
"ताई, एक तार छेडली
की हे थांबायलंच न्हाई.
परवा पूर्णेत जलशाला निवेदक बोलायला उभा राहिला
अन् मागून हे आपलं, ऊंऽऽऽ.
लोक म्हणले, बॉयलर फुटला का काय."

परभणी. मे. दुपारचे दोन.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय.
कोपऱ्यातल्या खुर्चीतून अब्बा:
"मोंढ्यातला भोंगा आला का?"
"आला अब्बा. दिला परत."
अठ्ठ्याण्णव साली.

आधी साधे संशय.
अडॅप्टर काढून बॅटरी लावली. ओरडतंय.
गिटारची पिन उपसली. तरीही.
म्हणजे बाहेरचं कुणी चिथवत नाही, घरातलंच आहे.
रिपीटची खुंटी पार डावीकडे, शून्यावर नेली,
शून्यावरसुद्धा.
मिक्स उतरवला तेव्हा गप्प झाल्यासारखं वाटलं,
चढवला तर होतंच तिथं,
पाण्याखाली दाबलेल्या चेंडूसारखं.

"कामून करतंय असं?"
चारठाण्याच्या बारवेत कधी हाक मारलीस का?
"मारली की. प्रज्ञाऽ, मग ज्ञाऽ, मग नुस्ता आऽ."
बारव दर खेपेला थोडं ठेवून घेते.
दहा दिले की सात परत, साताचे पाच.
तुझी डबी ठेवून घ्यायचं विसरलीय.
दहाला अकरा देते, अकराला बारा,
आता तुझी तारही नको तिला,
स्वतःची कुजबुज पुरते.

चार स्क्रू.
आतल्या ट्रिमरवरचा नेलपॉलिशचा ठिपका तडकलेला.
"कुणी पिळला?"
"मीच. व्हिडिओ बघून."
पाव फेरा मागे घेतला. सूर बारीक झाला, गेला नाही.
एक कपॅसिटर बदलला. मग आयसी.
बनी तो बनी, म्हणत दुसराही बदलला.
नाहीतर परभणी, म्हणालं पेडल.

"मोंढ्यातला भोंगा आला का?"
"अब्बा, आला म्हणलं ना!"
हे जरा मोठ्यानं निघालं.
प्रज्ञाशील दाराबाहेरच्या ऊसगाडीकडे बघत राहिला.

अब्बा उठले.
उर्सातल्या कव्वालांची टेपवाली एको मशीनं
या हातांनी चालती केलेली.
आता बारीक सूर त्यांना ऐकूच येत नाहीत,
त्यांनी तळवा टेबलावर ठेवला.
ऊंकार लाकडातून चढत गेला असावा कोपरापर्यंत.
मग कुल्फीची काडी घेऊन
एकेका पार्टवर टिचकी, टिचकी,
टरबूज बघतात तशी.

रिपीटच्या खुंटीला तीन पाय.
एकातून आवाज येतो, मधल्यातून पुढं जातो,
तिसरा, जमिनीला.
काडी तिसऱ्यावर टेकली
आणि दुकान एकदम एवढं गप्प झालं
की रसवंतीचे घुंगरू ऐकू आले.
काडी उचलली, ऊंऽ.
टेकवली, गप्प.
डागाला केसाएवढी भेग. वरून चिकटलेला,
आतून सुटलेला.
"अर्थिंग," अब्बा म्हणाले, आणि जाऊन बसले.

जुनं कथील ओढून काढलं, नवा डाग दिला.
प्रज्ञाशीलनं तार छेडली:
पाच वेळा आली, सहाव्यांदा आल्यासारखी वाटली.
त्याचा चेहरा मात्र पडला.
"ताई, थोडं ओरडू द्या ना.
शेवटच्या कडव्याला लागतंय."
ट्रिमर परत चिमूटभर पुढं केला.
खुंटी पार उजवीकडे नेलीस तरच ओरडेल,
मागे आणलीस की गप बसेल.
एकशेवीस रुपये. वीस नव्हते त्याच्याकडे.

संध्याकाळी शटर ओढताना,
"भोंगा आला का?"
"आला अब्बा."

रात्री गच्चीवर, मच्छरदाणीतून,
नुस्तंच, "आला?"

मी उठून बसले.
काय आला, अब्बा?
सगळं म्हणा. परत एकदा सगळं म्हणा.